टेनवेकच्या वर्कशॉपमधून

शनिवार, नैरोबी ते बोमेट

केनियाच्या व्हिसाचा ताप आता राहिलेला नाही. 2024 च्या जानेवारीपासून ऑनलाइन परवानगी काढली की झालं. ताप आहे तो पीतज्वराच्या लशीचा. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि परतताना मुंबईला उतरलं की तिचं पिवळं कार्ड दाखवल्याशिवाय सुटका नाही. कुणी जाणार असेल तर तिकिटाच्या आधी लशीची तारीख पक्की करा.

मी दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करते. ऑटोक्लेव्ह, सक्शन, भुलीची मशीनं, व्हेंटिलेटर, जे बंद पडेल ते. वाढले मिरजेत, म्हणजे मिशन हॉस्पिटल या प्रकाराशी ओळख लहानपणापासूनची. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेलं रुग्णालय आमच्या गावाची खूण, आणि माझी आई तिथे सिस्टर होती. त्यामुळे ओळखीच्या एका सर्जनबाईंनी "केनियातल्या एका मिशन हॉस्पिटलच्या वर्कशॉपला महिनाभर हात देशील का?" असं विचारलं, तेव्हा मी फार आढेवेढे घेतले नाहीत. ते हॉस्पिटल म्हणजे बोमेटजवळचं टेनवेक. त्या महिन्यातला पहिला आठवडा तेवढा इथे लिहिते आहे. पुढचे दिवस बरेचसे तसेच गेले.

नैरोबीत पार्कलँड्समधल्या एका मराठी कुटुंबाकडे रात्र काढली आणि सकाळी गाडीत बसले. शहर सोडल्यावर तासाभरात डाव्या हाताची जमीन अचानक संपते. खाली रिफ्ट व्हॅली पसरलेली, समोर लोंगोनोटचा निजलेला ज्वालामुखी, आणि कड्याच्या अंगाला चिकटून उतरणारा रस्ता. हा रस्ता दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन युद्धकैद्यांनी बांधला. काम करता करता 1942 मध्ये त्यांनी रस्त्याकडेला एक इवलंसं चर्चही उभं केलं, ते अजून आहे. ड्रायव्हरने वर हात करून झाडीत लपलेलं किजाबे दाखवलं. तिथेही एक मोठं मिशन हॉस्पिटल आहे. "पण तुम्ही जाताय तिथे थंडी जास्त," असं म्हणून त्याने माझ्या पातळ स्वेटरकडे आरशातून पाहिलं.

नारोकपर्यंत गव्हाची शेतं आणि लाल शुका पांघरलेले मासाई गुराखी. पुढे एका फाट्यावर पर्यटकांच्या सगळ्या जीपगाड्या डावीकडे मासाई माराच्या दिशेने वळल्या आणि रस्ता एकदम मोकळा झाला. उरले ट्रक, मटाटू नावाच्या मिनीबस आणि बोडा-बोडा, म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी. या बोडा-बोडांत दर दुसरी गाडी आकुर्डीच्या बजाजची 'बॉक्सर'. एकीवर चालकामागे दोन बाया, त्यांच्यामध्ये एक मूल आणि मागे आडवी बांधलेली बकरी होती.

बोमेट जवळ आलं तसा डोंगरांचा रंग पालटला. मक्याचे तुकडे, गाई, आणि मग उतारांवर चहा. समुद्रसपाटीपासून आपण दोन हजार मीटर वर आलो आहोत हे पोचल्यावर जिना चढताना कळलं.

रविवार

रुग्णालयाच्या फाटकावर ब्रीदवाक्य आहे: 'आम्ही उपचार करतो, येशू बरे करतो.' माझ्यासारख्या देवाच्या बाबतीत काठावर बसलेल्या बाईला पहिल्या दिवशी ते जरा अंगावर आलं. पुढे आठवडाभर पाहिलं, तर त्यातला पहिला अर्धा भाग इथे फार गांभीर्याने घेतला जातो.

सकाळी चर्चला गेले. न जाऊन चाललं असतं, पण मग दिवसभर करायला काहीच नव्हतं, आणि सगळं रुग्णालयच तिथे होतं. आफ्रिका गॉस्पेल चर्च ही इथली स्थानिक मंडळी. रुग्णालय आज त्यांच्या मालकीचं आहे. गाणी इथल्या किप्सिगिस लोकांच्या भाषेत, प्रवचन स्वाहिलीत, मधेमधे इंग्रजी. अडीच तासांत कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी पाहुण्यांना उभं करतात. मी उठून "चामगे", म्हणजे नमस्कार, एवढंच म्हटलं, तर टाळ्यांचा कडकडाट झाला. एका शब्दावर एवढं कौतुक मला मिरजेत कधी मिळालेलं नाही.

दुपारी एका जुन्या सिस्टरांनी आवार दाखवलं. 1930 च्या दशकात अमेरिकन मिशनऱ्यांनी इथे ठाणं टाकलं, आणि सुरुवातीचा दवाखाना नर्सच चालवत. पहिला डॉक्टर, अर्नी स्ट्युरी, 1959 मध्ये आला आणि बरीच वर्षं तो एकटाच होता. बाळंतपण, हाड, पोट, ताप, सगळं त्याच्याच गळ्यात. आज तीनशेहून जास्त खाटा आहेत, नर्सिंगची शाळा आहे, इंटर्न आहेत, सर्जन घडवणारा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. सिस्टर सांगत होत्या त्यात मला सर्वांत लक्षात राहिला तो डॉक्टरांच्या संपाचा काळ. डिसेंबर 2016 ते मार्च 2017 असे शंभर दिवस केनियातले सरकारी डॉक्टर संपावर होते. मिशनची रुग्णालयं मात्र चालू. "तेव्हा एका खाटेवर दोघी बाळंतिणी, आणि तिसरी वाट बघत बाकावर," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, थोडी ऐटच होती.

सोमवार

आठ वाजता चॅपेलमध्ये प्रार्थना, मग कामं. मला आईच्या ड्युटीच्या वेळा आठवल्या. तिथेही दिवस उपासनेने सुरू व्हायचा. मला खटकायचं, आणि अजून खटकतं, ते दुखणाईत माणसाच्या खाटेशी उभं राहून प्रार्थना करणं. ज्याच्या हातात सलाइन आहे तो "नको" कसा म्हणणार? इथल्या चॅप्लेनना, म्हणजे रुग्णालयाच्या धर्मोपदेशकांना, मी हे थेट विचारलं. ते हसले. म्हणाले, "आम्ही आधी विचारतो. नाही म्हणणारेही असतात. त्यांच्याशी मग गाई, पाऊस, शाळेची फी यावर बोलतो. पेशंटला कुणीतरी बसून बोलायला हवं असतं." मला पूर्ण पटलं असं नाही. पण दुपारी वॉर्डात तेच चॅप्लेन एका म्हाताऱ्या गुराख्याशी गाईच्या दुधावर तावातावाने वाद घालताना दिसले, आणि म्हातारा खाटेवर उठून बसला होता.

वर्कशॉप रुग्णालयाच्या मागच्या उतारावर. प्रमुख तंत्रज्ञ पन्नाशीचे, किप्सिगिस, सगळं हाताने शिकून मग डिप्लोमा केलेले. मला ते 'मॅडम' म्हणायचे. मी त्यांना दोन दिवसांत 'म्झे' म्हणायला लागले. वडीलधाऱ्या माणसाला इथे असंच म्हणतात.

त्यांनी आधी कोठीची खोली उघडली. अशी खोली मी महाराष्ट्रातही पाहिली आहे, आफ्रिकेतल्या प्रत्येक मिशन हॉस्पिटलात असते असं ऐकलं होतं: दानात आलेल्या यंत्रांची. गरीब देशांतल्या रुग्णालयांत सुमारे 40 टक्के यंत्रं बंद असतात असं 2011 च्या एका अभ्यासात निघालं होतं, आणि कारणं फार साधी आहेत. अमेरिकेतलं यंत्र 110 व्होल्ट आणि 60 हर्ट्झवर चालतं. इथे 240 व्होल्ट, 50 हर्ट्झ. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावता येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. फ्रीक्वेन्सीचं कुणाच्या ध्यानात येत नाही. ट्रान्सफॉर्मर फ्रीक्वेन्सी बदलत नाही, त्यामुळे जुन्या धाटणीच्या मोटरचा वेग एक षष्ठांशाने कमी होतो. सक्शन पंप ओढतो, पण कमी ओढतो. सेंट्रिफ्यूज फिरतो, पण रक्त नीट वेगळं होत नाही. शिवाय मोटर तापते ती तापतेच.

म्झेंनी अशा यंत्रांचं काय करायचं हे कधीच ठरवून टाकलं होतं. चालू होऊ शकणारी डावीकडे, सुट्या भागांसाठी मोडायची उजवीकडे. सलाइन मोजून सोडणाऱ्या एका इन्फ्यूजन पंपाच्या पोटातली बॅटरी काढून तिथे मोटारसायकलची बसवली होती, बाहेरून फळीवर बांधून. दिसायला भयंकर, पण मी तपासली तेव्हा दाब आणि वेग दोन्ही बरोबर होते. मी भिवया उंचावल्या तर ते म्हणाले, "पेशंटवर लावत नाही मॅडम. यावर नर्सिंगच्या मुली शिकतात."

दहा वाजता चहा. इथे चहाच्या वेळेला सर्जनसुद्धा आडवा जात नाही. दूध-पाणी एकत्र उकळून केलेला, अगदी आपल्यासारखा, फक्त आलं नाही. बरोबर मांडाझी, म्हणजे तळलेले गोडसर वडे. पुढच्या वेळी येताना सुंठ आणायची असं मी तेव्हाच ठरवलं.

मंगळवार

पहाटे ऑटोक्लेव्हच्या खोलीत बोलावणं आलं. दाराच्या फटीतून वाफ येत होती. गॅस्केट कडक होऊन चिरलेलं, एवढीच गोष्ट. पण या खोलीवर सगळं ऑपरेशन थिएटर अवलंबून असतं. इथे कापडी गाऊन, कापडी चादरी, सगळं धुऊन, वाळवून, घड्या घालून पुन्हा निर्जंतुक करतात. पलीकडे मोकळ्यावर दोऱ्यांवर हिरवी कापडं फडफडत होती, आणि चार बायका हसत-बोलत गॉजच्या घड्या घालत होत्या. एक वेळ सर्जन दोन दिवस नसला तरी चालतं. वाफ दोन तास थांबली की सगळं थांबतं.

उंचीवरच्या ऑटोक्लेव्हचा एक खाचखळगा असतो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. समुद्रकाठी 15 पौंड दाबावर आत 121 अंश तापमान होतं आणि तेवढ्याला जंतू मरतात. पण दोन हजार मीटरवर बाहेरच्या हवेचाच दाब कमी. पाणी इथे 93 अंशांच्या आसपासच उकळतं. काट्यावर 15 दिसतात, पण आत 121 भरत नाहीत. इथे तो काटा 18 च्या पुढे न्यावा लागतो. दानात आलेल्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये हे ठळक छापलेलं नसतं. ऑटोक्लेव्ह चालवणारा मुलगा मात्र मला म्हणाला, "काटा नाही बघायचा, तापमान बघायचं." त्याला हे म्झेंनी शिकवलं होतं.

गॅस्केट उलटं करून बसवलं, तात्पुरतं. सात वाजता वाफ पुन्हा दाटली आणि पहिली केस फक्त अर्धा तास लांबली.

नंतर थिएटरमध्ये सक्शन बघायला गेले आणि तिथेच थांबले. टेबलावर विशीतला बोडा-बोडावाला. मांडीचं हाड मोडलेलं. अशा केसेस इथे संपतच नाहीत. रात्रीचे ओले घाट, हेल्मेट हँडलला लटकवलेलं, मागे तीन माणसं. भूल देत होती एक नर्स. भुलीचे डॉक्टर कमी असल्याने केनियात नर्सना हे शिक्षण देतात, आणि किजाबेच्या मिशन हॉस्पिटलात त्याचा रीतसर अभ्यासक्रम आहे. भूल देण्याआधी सगळे थांबले, कुणीतरी दोन वाक्यांची प्रार्थना केली, आणि लगेच तपासणीची यादी मोठ्याने वाचली गेली: नाव, बाजू, ॲलर्जी, रक्त. प्रार्थना झाली म्हणून यादीतला एक शब्द गाळला नाही. आपल्याकडच्या काही थिएटरांत याच्या बरोबर उलट चाललेलं मी पाहिलं आहे.

हाडात बसवला तो साइन नेल. हे प्रकरण मला यंत्रवाल्या नजरेने फार आवडलं. मोडलेल्या हाडाच्या पोकळीत सळई घालायची आणि तिला दोन्हीकडून स्क्रूने पक्कं करायचं, हे जगभर करतात. पण स्क्रूचं भोक नेमकं कुठे आहे हे बघायला ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं महागडं यंत्र लागतं. लुईस झर्कल या अमेरिकन अस्थितज्ज्ञाने 1999 मध्ये सुरू केलेल्या साइन संस्थेने त्यावर तोड काढली. सळईला बाहेरून एक धातूचा हात जोडायचा, त्यावरची भोकं आतल्या भोकांच्या अगदी समोर येतात. एक्स-रेची गरजच नाही. सळया फुकट मिळतात, अट एकच: प्रत्येक ऑपरेशनची माहिती आणि एक्स-रे संस्थेच्या नोंदीत चढवायचे. चढवले की बदली सळई येते. दानाला हिशेब जोडला की ते टिकतं, हे इथे दिसतं.

ऑपरेशन करत होता बुरुंडीहून शिकायला आलेला निवासी डॉक्टर. शेजारी वरिष्ठ सर्जन हात मागे बांधून उभे. तासाभरात ते दोनदाच बोलले. आफ्रिकेतले ख्रिस्ती सर्जन आफ्रिकेतच घडवणारा एक कार्यक्रम 1990 च्या दशकापासून चालतो, मिशनच्या रुग्णालयांतून. मुलं पाच वर्षं इथेच राहतात, आणि परीक्षा पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेच्या सर्जनांच्या महाविद्यालयाची देतात. पाहुणे गोरे डॉक्टर येतात, दोन आठवडे राहतात, चांगलं काम करतात आणि जातात. हा मुलगा रात्री दोनला इथे असतो.

बुधवार

एंडोस्कोपीच्या खोलीबाहेर बाकांवर माणसं दाटीने बसलेली, आणि एक गोष्ट चटकन नजरेत भरते: सगळी हाडकुळी. अन्ननलिकेचा कॅन्सर. इथिओपियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आफ्रिकेच्या पूर्व अंगाला याचा एक पट्टाच आहे, आणि टेनवेक त्या पट्ट्यात ऐन मध्यावर. तिशीच्या आतले रुग्णही दिसतात, जे जगात इतरत्र जवळजवळ दिसत नाहीत. संशय बऱ्याच गोष्टींवर आहे: कढत चहा, चुलीचा धूर, कोळशाने घासलेल्या भोपळ्यात आंबवलेलं मुर्सिक नावाचं दूध, आहारातली उणीव. एकावर बोट ठेवता आलेलं नाही.

माझं काम स्कोपचं, म्हणजे घशातून आत घालायच्या कॅमेऱ्याच्या नळीचं. लवचीक नळीला बारीकसं भोक पडलं की आत पाणी शिरतं आणि लाखोंचं यंत्र जातं. म्हणून दर वेळी धुण्याआधी आत हवा भरून ते पाण्यात बुडवायचं आणि बुडबुडे येतात का बघायचं. आपण सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतो तेच. हे काम करणाऱ्या सिस्टर इतक्या शिस्तीच्या, की मी बुडबुड्यांकडे बघत असताना बोलायला लागले तर त्यांनी मला गप्प बसवलं.

बहुतेक रुग्ण येतात तेव्हा ऑपरेशनची वेळ गेलेली असते. मग अन्ननलिकेत जाळीची नळी, स्टेंट, घालतात. ती आत जाऊन स्वतः उघडते आणि वाट मोकळी करते. टेनवेकने अशा स्टेंटचं काम हजाराहून जास्त रुग्णांवर केलं आहे आणि ते वैद्यकीय नियतकालिकांत छापलंही आहे. त्याने आजार बरा होत नाही. पण सकाळी स्वतःची थुंकीसुद्धा न गिळता येणारा एक म्हातारा दुपारी बाकावर बसून उजी, म्हणजे पातळ पेज, पीत होता. त्याची सून कपात फुंकर घालून थंड करत होती, कारण सिस्टरने बजावलं होतं: कढत काही नाही.

संध्याकाळी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीतला प्रिंटर दुरुस्त केला. तिथे शाळकरी मुलं. घशाच्या साध्या संसर्गाकडे दुर्लक्ष झालं की त्यातून हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिवाताचा ताप येतो. हे आपल्याकडेही पुष्कळ आहे, मिरजेच्या वॉर्डात अशी मुलं मी पाहिली आहेत. ज्यांच्या झडपा अजून धड आहेत त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. ते खूप दुखतं. एका मुलीने मला स्पष्ट सांगितलं की तिला धावपटू व्हायचं आहे, आणि इंजेक्शनच्या दिवशी पळता येत नाही. ऑपरेशनही इथेच होतात. उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रिया पूर्वी परदेशी पथकं आली की व्हायच्या, आता इथली माणसं करतात, आणि त्यासाठी वेगळी नवी इमारत बांधली आहे. पण धातूची झडप बसवली की आयुष्यभर रक्त पातळ ठेवायचं औषध आणि वारंवार रक्ततपासणी. डोंगरापलीकडच्या खेड्यातून दर महिन्याला बसभाडं कुठून आणायचं, हा प्रश्न सर्जरीपेक्षा अवघड आहे.

गुरुवार

दिवसभर पाऊस. औषधांची गाडी आली. मिशनच्या रुग्णालयांना स्वस्तात औषधं पुरवणारी एक सामाईक संस्था नैरोबीत 1986 पासून आहे, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनी मिळून काढलेली. धर्मशास्त्रात न जुळणारी माणसं पॅरासिटामॉलवर जुळली.

बिलांच्या खिडकीपाशी एक तास बसले. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये केनियाची जुनी सरकारी विमा योजना जाऊन नवी आली, आणि खिडकीवरचा मुलगा प्रत्येकाला नव्या नोंदणीबद्दल न चिडता समजावत होता. विम्यातून जे सुटतं ते हारांबीतून येतं: नातेवाईक, शेजारी, चर्चची मंडळी एकत्र जमून वर्गणी काढतात. पैसे मोबाइलवरून, एम-पेसाने. एका माणसाचा फोन सारखा टुणटुणत होता: दोनशे शिलिंग, पन्नास शिलिंग, पाचशे. प्रत्येक वेळी तो नाव मोठ्याने वाचायचा आणि बायको वहीत लिहायची. उद्या त्यांच्याकडे काही झालं की परत द्यावं लागणार. आपल्याकडच्या आहेराच्या वहीपेक्षा हिशेब काटेकोर.

शुक्रवार

म्झे म्हणाले, आज धरण. आवाराखालून न्यांगोरेस नदी वाहते, आणि तिथे धबधबा आहे. पूर्वी रुग्णालय डिझेलच्या जनरेटरवर चालायचं. डिझेल संपलं किंवा महागलं की रात्रीची ऑपरेशनं कंदिलांवर. 1987 मध्ये नदीवर छोटा बंधारा घालून 320 किलोवॅटचं जलविद्युत केंद्र उभं राहिलं. आता राष्ट्रीय ग्रिडचीही लाइन आहे, पण आपली नदी ती आपली नदी.

पायऱ्या उतरून खाली गेलो. टर्बाइनच्या खोलीत बोलणं ऐकू येत नाही. तिथला ऑपरेटर वाहून आलेला पाला जाळीवरून दाताळ्याने ओढून काढत होता. पावसाळ्यात हेच मुख्य काम: झाडाच्या फांद्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या, एकदा मेलेली शेळी. पाणी तांबूस होतं. म्झेंनी वर बोट दाखवलं. न्यांगोरेस माऊच्या जंगलातून येते. ते जंगल तोडलं जातं तसा पावसाळ्यात गाळ वाढतो आणि उन्हाळ्यात पाणी आटतं. म्हणजे जंगल वर कापलं की इथे व्हेंटिलेटरला वीज कमी.

खाली अमाला नदीला मिळून हीच न्यांगोरेस मारा होते. ज्या नदीत उड्या घेणारी विल्डबीस्टं सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिली आहेत, तीच. मगरींच्या आधी ती टेनवेकचे दिवे लावून जाते. म्झेंना विचारलं, तुम्ही मासाई मारा पाहिलं का? शेजारीच आहे. म्हणाले, "पाहिलं ना. हत्तीने तुडवलेला माणूस आला होता, त्याच्या गावाला ॲम्ब्युलन्स घेऊन गेलो होतो."

दुपारी सामुदायिक आरोग्याच्या लोकांबरोबर एका खेड्यात गेले. झऱ्याभोवती सिमेंटची कुंडी बांधून पाणी नळावाटे काढलेलं, गुरांना वेगळी वाट. पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवायला टाकी. आरोग्यसेविका गावातल्याच. जामखेडला आरोळे दांपत्याने 1970 पासून हेच केलं, आणि ते मी त्या लोकांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडून जामखेडबद्दल इतकं काढून घेतलं, की घरी आल्यावर आपल्याला स्वतःला किती कमी माहीत आहे हे बघून मी नेटवर वाचत बसले. जेवायला उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सुकुमा विकी ही पालेभाजी आणि चपाती. इथली चपाती जाड, तेलकट, पदर सुटलेली. पोट भरतं, पण दोनच्या वर जात नाही.

शनिवार

रात्री नवजात बाळांच्या खोलीतून निरोप: एक वॉर्मर तापत नाही. सेन्सरची वायर तुटली होती, वीस मिनिटांचं काम. पण तिथे भिंतीशी एक बाटली बघितली आणि खूश झाले. फुप्फुसं न पिकलेल्या बाळाला श्वास सोडताना थोडा दाब लागतो, नाहीतर फुप्फुसं मिटतात. त्यासाठी महाग यंत्रं आहेत. आणि हीही युक्ती आहे: श्वास बाहेर जाण्याची नळी पाण्याच्या बाटलीत पाच सेंटिमीटर बुडवायची. पाच सेंटिमीटर पाण्याचा दाब मिळाला. नळी आणखी बुडवली की दाब वाढतो. बुडबुडे येतात तोवर चालू आहे, थांबले तर कुठेतरी गळतंय. याला मॅन्युअल लागत नाही आणि 60 हर्ट्झही लागत नाहीत.

सिस्टर जुळ्यांच्या कार्डांवर नावं लिहीत होत्या. किप्सिगिस लोकांत नाव बहुधा जन्माच्या वेळेवरून पडतं. पावसात जन्मलेली मुलगी चेरोप, मुलगा किप्रोप. पाहुणे आलेले असताना जन्मलेला किपटू. त्या आठवड्यात पाऊस एवढा होता की वॉर्डात तीन चेरोप होत्या. औषध देताना गोंधळ नको म्हणून सिस्टरांनी मनगटावरच्या पट्टीवर आईचंही नाव मोठ्या अक्षरांत घातलं होतं.

सोमवार

म्झेंनी मला टायपिंगला बसवलं. परदेशातल्या एका मंडळीने पुन्हा कंटेनर भरून यंत्रं पाठवायची तयारी दाखवली होती, त्यांना उत्तर द्यायचं होतं. मी आपला नेहमीचा पहिला परिच्छेद लिहिला: आपल्या औदार्याबद्दल, आपल्या प्रेमाबद्दल वगैरे. म्झेंनी वाचलं आणि पुसून टाकलं. मग स्वतः सांगत गेले, मी लिहीत गेले. 240 व्होल्ट, 50 हर्ट्झ. सर्व्हिस मॅन्युअल इंग्रजीत, पूर्ण. दोन वर्षांचे सुटे भाग सोबत. वापरलेलं असेल तर ते का काढून टाकलं हे कळवा. यातलं एकही नसेल तर पाठवू नका, जहाजाच्या भाड्याचे पैसे पाठवा, आम्ही नैरोबीत घेऊ.

"म्झे, आभार तरी?" मी विचारलं.

"आभार खाली. सहीच्या वर."

सही झाल्यावर त्यांनी कागद पुन्हा मागून घेतला आणि तळाला पेनाने एक ओळ वाढवली: ऑटोक्लेव्हच्या दाराचं गॅस्केट, चार नग, माप सोबत जोडलं आहे, हे मात्र लगेच हवं.